माझ्याकडे चालतं, तिच्याकडे नाही: पायथन प्रोग्रॅमच्या एक्झीची रडकथा

रिकामी चौकट

मंडळी, मदत हवी आहे. थोडं गाऱ्हाणंही आहे, ते आधी ऐकून घ्या.

गेले काही महिने रात्री जागून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. स्कॅन केलेल्या पानांचा ढीग एका फोल्डरात असतो. प्रोग्रॅम एकेक पान पडद्यावर दाखवतो, खालच्या चौकटीत आपण मराठीत दोन-चार शब्द लिहायचे आणि एंटर मारायचं. फाईलला ते नाव मिळतं आणि एका सीएसव्ही यादीत नोंद पडते. पायथन, खिडक्या-बटणांसाठी टीकिंटर, चित्रांसाठी पिलो. मोजून सातशे ओळीसुद्धा नाहीत.

माझ्या लॅपटॉपवर विनातक्रार चालतो. मग मैत्रिणीलाही तो हवासा वाटला. तिच्याकडे पायथन नाही, आणि "आधी पायथन टाक, मग पिप, मग हे टाईप कर" असं सांगायला लागले असते तर तिने फोनच ठेवला असता. म्हणून पायइन्स्टॉलर घेतलं, ते पायथन प्रोग्रॅमची विंडोजवर थेट चालणारी फाईल, म्हणजे एक्झी, बांधून देतं. पर्याय निवडले ते वनफाईल, म्हणजे एकच एक्झी, आणि कन्सोल नको, म्हणजे मागे मजकुराची काळी खिडकी नाही. मोठ्या कौतुकाने पाठवली.

फाईल उतरली न उतरली तोच तिच्या अँटीव्हायरसने गिळली. तिथून सोडवून आणली तर विंडोजने निळी पाटी आडवी लावली. तीही ओलांडली. मग डबल-क्लिक केल्यावर वीसेक सेकंद काहीच नाही. तिला वाटलं क्लिक लागलंच नाही, म्हणून आणखी दोनदा केलं, आणि थोड्या वेळाने एकापाठोपाठ तीन खिडक्या उघडल्या. आता खरी गंमत. पहिलं पान दिसलं, तिने नाव लिहिलं, एंटर मारलं आणि काहीही झालं नाही. एरर नाही, फाईलचं नाव बदललेलं नाही, प्रोग्रॅम बंदही पडला नाही. नुसता आपला शांत.

तीच एक्झी, तोच फोल्डर माझ्याकडे व्यवस्थित चालतो. कुठे चुकतंय? आणि मुळात लोक हे करतात तरी कसं?

टाचणी

+१. माझीही हीच कथा, फक्त माझ्या गिऱ्हाइकाने तिसऱ्या दिवशी "वेबसाईटच करून द्या" म्हणून विषय संपवला. वाचनखूण साठवली आहे.

जुना खिळा

तुमच्या चार तक्रारी म्हणजे चार वेगळे आजार आहेत, एका औषधाने जाणार नाहीत. उशिराचं कारण आधी सांगतो, कारण त्यात गैरसमज फार.

पायइन्स्टॉलर तुमचा प्रोग्रॅम "कंपाईल" करत नाही. पायथनचा इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा), लागणाऱ्या डीएलएल (विंडोजच्या लायब्रऱ्यांच्या फायली), तुमच्या मोड्यूलांचा बाइटकोड (इंटरप्रिटरसाठी रूपांतर केलेला कोड) आणि टीकिंटर ज्यावर उभं आहे त्या टीसीएल-टीकेच्या शेकडो छोट्या फायली अशी सगळी गाठोडी बांधून तो सी भाषेत लिहिलेल्या, सुरुवात करून देणाऱ्या एका छोट्या बूटलोडरच्या शेपटीला जोडतो. वनफाईल एक्झी सुरू केली की बूटलोडर ते गाठोडं दर वेळी टेम्प फोल्डरात सोडतो. तिथे "_एमईआय" आणि पुढे आकडे अशा नावाचं फोल्डर तयार होतं. मग तो स्वतःचीच दुसरी प्रत चालवतो आणि खरा पायथन त्या दुसऱ्या प्रतीत जागा होतो. टास्क मॅनेजरमध्ये एकाच नावाच्या दोन प्रोसेस दिसतात त्या यामुळे. प्रोग्रॅम नीट बंद केला तर फोल्डर पुसलं जातं. जबरदस्तीने मारला तर ते तसंच पडून राहतं. मैत्रिणीला टेम्पमध्ये डोकावायला सांगा, दोन-चार सापडतील.

आता प्रत्येक सुटणारी फाईल अँटीव्हायरस हुंगतो हे धरा, म्हणजे वीस सेकंदांचा हिशेब लागतो. तिने तीनदा क्लिक केलं तेव्हा हे सगळं एकाच वेळी तीनदा चाललं होतं.

तेव्हा वनफाईल सोडा, वनडिर घ्या. फोल्डर मिळेल, त्यात एक एक्झी आणि सहाव्या आवृत्तीपासून बाकी सगळा पसारा "_इंटर्नल" नावाच्या उपफोल्डरात. सोडायचं काही उरत नाही, प्रोग्रॅम लगेच उघडतो. "पण मला एकच फाईल पाठवायची आहे" असं म्हणाल, तर ते काम इन्स्टॉलरचं. इनो सेटअप १९९७ पासून हेच करतोय. वनडिरचं फोल्डर त्याच्या हवाली करा, तो एकच सेटअप फाईल देईल. ती सोडण्याचं काम एकदाच होईल, डेस्कटॉपवर आयकॉन येईल, काढून टाकायची सोयही मिळेल. अधिकारांच्या ओळीत "लोएस्ट" लिहिलंत तर अ‍ॅडमिनचा पासवर्डही मागणार नाही, वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसेल.

एक्झी किती एमबीची झाली होती?

रिकामी चौकट

९० च्या आसपास. सातशे ओळींना! मलाही ते खटकलं होतं, पण विचारायची लाज वाटली.

जुना खिळा

नव्वद म्हणजे आत कुणीतरी पाहुणा आहे. पांडाज, ती तक्त्यांची जाडजूड लायब्ररी?

रिकामी चौकट

हो. एका जागी, कुठल्या वर्षाची किती पानं झाली ते मोजायला.

जुना खिळा

त्या कामाला पायथनच्याच कलेक्शन्समधला काउंटर पुरतो. पांडाज गेला की त्याला लागणारी नमपाय लायब्ररीही जाईल. आणि बांधणी नेहमी नव्या, रिकाम्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये करा, लागतं तेवढंच त्यात टाकून. रोजच्या वापराच्या पायथनमध्ये वर्षानुवर्षांचं सामान साचलेलं असतं. कुठलं मोड्यूल "असलं तर वापरतो" म्हणून इम्पोर्ट करत असेल तर पायइन्स्टॉलर तेही गोळा करतो.

तिरका बाण

एवढा उपद्व्याप कशाला? आजकाल डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहितं कोण? ब्राउझरमध्ये करा, लिंक पाठवा, झालं. डेस्कटॉपच हवा तर इलेक्ट्रॉन आहे.

रिकामी चौकट

पानं तिच्या डिस्कवर आहेत, हजारोंनी, आणि ती कुठे चढवायची नाहीत. नावं तिथल्या तिथे बदलायची आहेत. आणि इलेक्ट्रॉन म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर आख्खं क्रोमियम, म्हणजे एक ब्राउझरच. माझ्या नव्वद एमबीला हसणाऱ्यांनी तरी तो सल्ला देऊ नये. :)

घुबड

मधल्या वादात चौथा आजार तसाच राहिला, "काहीच झालं नाही" हा. मला तोच सगळ्यात वाईट वाटतो, कारण बाकीचे निदान ओरडतात तरी.

टीकिंटरमध्ये बटणाच्या किंवा एंटरच्या फंक्शनात एरर आली तर प्रोग्रॅम मरत नाही. एररची कहाणी स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुका छापायच्या ठरलेल्या वाटेवर, छापतो आणि पुढच्या क्लिकची वाट बघत बसतो. कन्सोल असेल तर आपल्याला ती दिसते. तुम्ही "कन्सोल नको" म्हणालात, त्यामुळे विंडोजवर त्या एक्झीत स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर दोन्ही "नन", म्हणजे पायथनच्या भाषेत "काहीच नाही", असतात. नळाला पाईपच नाही. छापलेलं सगळं हवेत.

याचा उलटा प्रकारही होतो. एखादी लायब्ररी छापण्याच्या भानगडीत न पडता थेट स्टँडर्ड एररच्या "राईट"ला हात घालते, आणि "ननला राईट नाही" म्हणून प्रोग्रॅम कोसळतो. प्रगतीच्या पट्ट्या दाखवणाऱ्या लायब्रऱ्यांचा यात पहिला नंबर.

तर दोन गोष्टी सांगा. एक, हीच बांधणी कन्सोलसकट करून मैत्रिणीला पाठवता येईल का? दोन, तिच्या फोल्डरात यादीची सीएसव्ही फाईल तयार झाली आहे का, आणि असेल तर केवढी?

रिकामी चौकट

तिला विचारलं. फाईल आहे. शून्य बाइट!

कोडमध्ये मी आधी यादीत ओळ लिहिते आणि मग फाईलचं नाव बदलते. म्हणजे लिहितानाच अडकलंय का? पण माझ्याकडे का अडकत नाही?

घुबड

शून्य बाइट म्हटल्यावर कन्सोलवाल्या बांधणीची गरज राहिली नाही, पण खात्रीसाठी करा. एररमध्ये "चारमॅप" हा शब्द दिसेल.

तुम्ही फाईल उघडताना एन्कोडिंग दिलेलं नाही, बरोबर? मग विंडोजवर पायथन त्या मशीनचं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा ठरलेला तक्ता, धरतो. इंग्रजी विंडोजवर ते बहुतेक वेळा १२५२ असतं, त्यात युरोपीय अक्षरं आहेत, देवनागरीचं एकही नाही. फाईल उघडण्यात काही अडचण नाही, म्हणून ती तयार झाली. पहिलं मराठी अक्षर लिहायला गेलात आणि तिथे एरर आली, ती नन असलेल्या पाइपातून हवेत गेली. नाव बदलण्याच्या ओळीपर्यंत गाडी पोचलीच नाही.

लिनक्स किंवा मॅकवर हे घडत नाही, तिथे सगळ्या लिपी मावणारं यूटीएफ-८ गृहीत असतं. विंडोजवरही पायथन ३.१५ पासून तसंच ठरलं आहे, पण तोवर प्रत्येक "ओपन"मध्ये एन्कोडिंग स्वतः लिहायचं. तुमच्या यादीसाठी साधं यूटीएफ-८ नको, "यूटीएफ-८-सिग" घ्या. ते सुरुवातीला तीन बाइटांची खूण टाकतं. ती खूण नसेल तर एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडलेली यादी म्हणजे मराठीचा नुसता चिवडा दिसतो. मात्र तुम्ही जोडत जाणाऱ्या पद्धतीने उघडत असाल, तर खूण नसलेली जुनी यादी आधीपासून आहे का तेवढं बघून घ्या, मजकूर असलेल्या फाईलला ती खूण नव्याने मिळत नाही.

आता कोडं राहिलं तुमच्या लॅपटॉपचं. तिथे का चाललं? कधीकाळी प्रादेशिक सेटिंगमध्ये "बीटा: युनिकोड यूटीएफ-८ वापरा" अशा अर्थाच्या चौकोनात टिक केली होती का?

रिकामी चौकट

केली होती!! एका जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठीऐवजी प्रश्नचिन्हं दिसत होती म्हणून, दोनेक वर्षांपूर्वी. पार विसरले होते. ती टिक काढली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि माझाही प्रोग्रॅम तिच्यासारखाच मुका झाला. इतका आनंद एरर बघून कधी झाला नव्हता.

घुबड

टिक आता तशीच काढलेली राहू द्या. आणि एक रिकामं विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा, ज्यात पायथन नाही, एडिटर नाही, तुमची एकही सेटिंग नाही. मी तिथे वापरकर्त्याचं नावही मुद्दाम देवनागरीत ठेवलं आहे, मध्ये एक स्पेस टाकून. फायलींचे पत्ते जोडताना कुठे आळस केला असेल तर तिथे पाच मिनिटांत उघडा पडतो.

शिवाय मुकेपणाचा कायमचा बंदोबस्त करा. टीकिंटरच्या मुख्य खिडकीला "रिपोर्ट_कॉलबॅक_एक्सेप्शन" नावाची मेथड असते. तिच्या जागी स्वतःचं फंक्शन बसवा. एरर एका लॉग फाईलमध्ये लिहायची आणि वापरकर्त्याला एक खिडकी दाखवायची: "चूक झाली, ही फाईल पाठवा." लॉग एक्झीशेजारी ठेवू नका, कुणी प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकला तर तिथे लिहायची परवानगी नसते. अ‍ॅपडेटा या वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवा.

सहा बोटे

अँटीव्हायरसबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

पायइन्स्टॉलरबरोबर तयार बूटलोडर येतो. जगातल्या बहुतेकांच्या वनफाईल एक्झीच्या डोक्याशी तोच असतो, आणि व्हायरस लिहिणाऱ्यांनाही पायथन येतं. त्यांच्या एक्झीचा ओळखण्याजोगा भाग तोच बूटलोडर, शिवाय वागणंही संशयास्पद: स्वतःच्या पोटातून फायली काढून टेम्पमध्ये टाकायच्या आणि तिथून चालवायच्या. अँटीव्हायरसच्या जागी मी असतो तर मीही गिळली असती.

वनडिर केल्याने हे बरंच कमी होतं. यूपीएक्स या साधनाने दाबून लहान करायचा मोह आवरा, दाबलेली एक्झी आणखी संशयास्पद दिसते. बूटलोडर स्वतःच्या मशीनवर कंपाईल करून वापरला तर त्याचा ठसा वेगळा होतो, तेही अनेकांना लागू पडतं. आणि एवढं करूनही कुणी पकडलंच तर बहुतेक अँटीव्हायरसवाल्यांकडे "हा चुकीचा संशय आहे" असं कळवायचा फॉर्म असतो. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

निळी पाटी हे निराळं प्रकरण. ते विंडोजचं स्मार्टस्क्रीन. त्याला तुमच्या फाईलमध्ये काही वाईट दिसलेलं नसतं, तो फक्त "हिला मी ओळखत नाही" म्हणतो. ओळख होते ती डिजिटल सहीने आणि किती जणांनी उतरवून चालवली त्यावरून. सहीचं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागतं, आणि जून २०२३ पासून त्याची खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित उपकरणात ठेवणं सक्तीचं झालं आहे. पूर्वीसारखी फाईल डिस्कवर ठेवून सही ठोकता येत नाही. एका मैत्रिणीसाठी हे करू नका. तिला "मोअर इन्फो" आणि "रन एनीवे" कुठे आहे ते दाखवा. शंभर अनोळखी लोकांना देणार असाल तेव्हा बघू.

तिरका बाण

मघाशी मी उगाच फुशारलो, तेव्हा माझी फजिती सांगतो म्हणजे फिटंफाट.

चित्रं लहान करायचा प्रोग्रॅम होता. वेग हवा म्हणून मल्टीप्रोसेसिंग वापरलं, चार प्रोसेस. एडिटरमधून झकास चालायचा. एक्झी बांधली, बटण दाबलं आणि तोच प्रोग्रॅम पुन्हा उघडला. मग आणखी चार. मग सोळा. माऊस थांबला, पंखा विमानासारखा ओरडायला लागला, शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं.

झालं असं की विंडोजवर नवी प्रोसेस सुरू करायची म्हणजे इंटरप्रिटर पुन्हा चालवायचा. बांधलेल्या प्रोग्रॅमात इंटरप्रिटर म्हणजे माझीच एक्झी! ती प्रत्येक वेळी आपली पहिल्या ओळीपासून सुरू. मुख्य भागाच्या अगदी पहिल्या ओळीत "फ्रीझ_सपोर्ट"ला हाक मारली की मिटतं. ती एक ओळ डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेली आहे. मी वाचली मशीन तिसऱ्यांदा बंद केल्यावर.

टाचणी

हसून पुरेवाट झाली.

माझाही प्रश्न घुसवते. बांधल्यावर कोड लपतो का? आणि एक्झी बांधायला न्यूइत्का हे दुसरं साधन चांगलं की पायइन्स्टॉलर?

सहा बोटे

लपत नाही. गाठोडं सोडायची साधनं सहज मिळतात, बाइटकोडवरून मूळ कोडच्या बऱ्याच जवळ जाता येतं. पायइन्स्टॉलरमध्ये किल्ली देऊन बाइटकोड झाकायचा पर्याय होता, तोही सहाव्या आवृत्तीत काढून टाकला. योग्यच केलं, कारण किल्ली त्याच गाठोड्यात जायची. पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली कोडमध्ये ठेवली असेल तर आजच काढा.

न्यूइत्का तुमचा पायथन कोड सीमध्ये उतरवून खरोखर कंपाईल करतो. उलगडणं अवघड होतं, काही कामं थोडी वेगाने होतात. बदल्यात बांधणीला वेळ लागतो, आणि मशीनवर सीचा कंपायलर हवा. मात्र त्याच्याही वनफाईलला गाठोडं सोडावंच लागतं, तिथे जादू नाही.

जुना खिळा

अवांतर, पण राहवत नाही. या सगळ्यांत टीसीएलवाल्यांची सोय अजून मला देखणी वाटते.

टीसीएल ही भाषा जॉन ऑस्टरहाउट यांनी १९८८ मध्ये बर्कलीला लिहायला घेतली. टीके त्यानंतरचं, आणि पायथनचं टीकिंटर म्हणजे त्याच टीकेवर घातलेला सदरा. तुमच्या प्रत्येक टीकिंटर प्रोग्रॅममध्ये एक आख्खा टीसीएल इंटरप्रिटर गुपचूप चालू असतो. त्या लोकांनी "स्टारपॅक" नावाचा प्रकार काढला. इंटरप्रिटरची एक्झी, आणि तिच्या शेपटीला प्रोग्रॅमच्या फायलींचं छोटं आभासी फाईल-सिस्टिम. कुठे काही सोडायचं नाही, भाषेलाच ते पोटातलं फोल्डर खऱ्या फोल्डरसारखं दिसायचं. काही एमबीत सगळं आटोपलेलं.

ल्युआमधल्या लव्ह या खेळांच्या इंजिनातही हेच. खेळाची झिप फाईल इंजिनाच्या एक्झीला मागून नुसती चिकटवायची, कॉपीच्या एका आज्ञेत. झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते, म्हणून पुढे एक्झी असली तरी वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. पायथनला हे इतकं सोपं जात नाही, कारण त्याच्या लायब्रऱ्यांत सीमधल्या डीएलएल भरपूर, आणि विंडोजला डीएलएल डिस्कवर खरीखुरी फाईल म्हणून लागते. झिपच्या पोटातून तो ती उचलत नाही.

दोन कंस

टीकिंटरच का, असा प्रश्न आहे. दिसायला ते जुनाट. टीटीके हे त्यातले नवे घटक वापरले तरी यादी, तक्ता, छपाई अशा गोष्टींना मर्यादा येतात. मी क्यूटी या खिडक्यांच्या दुसऱ्या लायब्ररीकडे गेलो ते परत आलो नाही.

फक्त लायसन्स बघून घ्या. पायथनमधून क्यूटी वापरायच्या दोन वाटा. पायक्यूटी रिव्हरबँक कंपनीचं, ते जीपीएलखाली (कोड उघडा ठेवायला लावणारं लायसन्स) किंवा पैसे मोजून. पायसाइड क्यूटीवाल्यांचं स्वतःचं, ते एलजीपीएलखाली मिळतं. बंद प्रोग्रॅम विकायचा असेल तर बहुतेक जण पायसाइड घेतात. एलजीपीएलचा आग्रह असा, की वापरणाऱ्याला क्यूटीच्या लायब्रऱ्या बदलून त्याजागी स्वतःच्या बसवता आल्या पाहिजेत. वनडिरमध्ये त्या उघड्या डीएलएल म्हणून समोर असतात, त्यामुळे प्रश्न बराच सोपा होतो. म्हणजे वनफाईल टाळायला हे आणखी एक कारण.

आकाराची तयारी ठेवा. पायसाइड६ आख्खं घेण्याऐवजी "एसेन्शियल्स" तेवढं घ्या, आणि वेबइंजिन चुकूनही आत ओढू नका. तो क्यूटीच्या वेषातला क्रोमियमच.

टाचणी

लिनक्सवाल्यांसाठी एक इशारा. चौकटताईंची कल्पना आवडली म्हणून मी टीकिंटरमध्ये तसंच काहीतरी लिनक्सवर करून बघितलं. "किरकोळ" लिहिलं तर पहिली वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसली. "पत्र" लिहिलं तर त, हलन्त, र असे तीन तुकडे. फॉन्ट बदलून बघितले, काही फरक नाही. माझ्याकडे टीके ८.६ आहे.

दोन कंस

फॉन्टचा दोष नाही. लिनक्सवर टीके ८.६ अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवतं, जोडाक्षरं घडवायचं काम करत नाही. ते काम हार्फबझसारख्या शेपिंग इंजिनाचं. क्यूटी ते वापरतं, जीटीके पँगोमार्फत वापरतं. विंडोजवर टीकेची अक्षरं विंडोजच काढतं, म्हणून तिथे बरी दिसतात. देवनागरी आणि लिनक्स दोन्ही हवं असेल तर टीकिंटर विसरा.

आणि लिनक्सची बांधणी तुमच्याकडच्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोवर करा. जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, मागे सुसंगत असते, पुढे नाही. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही.

निम्मा पडदा

मॅकवाला हात वर करतोय. पायइन्स्टॉलर क्रॉस-कंपायलर नाही, विंडोजवर बसून मॅकचं अ‍ॅप होत नाही. मॅक नसेल तर गिटहब अ‍ॅक्शन्सच्या भाड्याच्या मशीनवर बांधता येतं, तिन्ही सिस्टिम मिळतात. पण कॅटलिनापासून, म्हणजे २०१९ पासून, बाहेरून उतरवलेलं अ‍ॅप अ‍ॅपलकडून नोटराइझ, म्हणजे तपासून मान्य, केलेलं नसेल तर मॅक उघडायला साफ नकार देतो. त्यासाठी सशुल्क डेव्हलपर खातं लागतं. वाट काढता येते, पण अनोळखी माणसाला ती वाट फोनवरून समजावून दाखवा.

रिकामी चौकट

सगळ्यांचे आभार. आठवडाभर गायब होते, आता हकीकत देते.

पांडाज काढला. नवं, रिकामं एन्व्हायर्नमेंट केलं. वनडिर बांधलं: आख्खं फोल्डर ३० एमबीच्या आत आलं आणि इनो सेटअपने दाबून केलेली सेटअप फाईल त्याच्या निम्म्याहून कमी. प्रत्येक "ओपन"मध्ये एन्कोडिंग लिहिलं. अकरा ठिकाणी होतं, मला वाटलं होतं तीन. लॉग अ‍ॅपडेटात, चुकीची खिडकी मराठीत.

घुबडांच्या सल्ल्याने रिकामं विंडोज उभं केलं आणि तिथे लगेच दोन गोष्टी फुटल्या. खिडकीचा आयकॉन सापडेना, कारण मी त्याचा पत्ता "सध्याच्या फोल्डरापासून" धरला होता. शॉर्टकटवरून चालवलं की सध्याचं फोल्डर भलतंच असतं. आता पत्ता स्क्रिप्टच्या स्वतःच्या जागेवरून काढते आणि पायइन्स्टॉलरच्या स्पेक फाईलच्या (बांधणीच्या सूचनांच्या) "डेटाज" यादीत आयकॉनचं नाव घातलं आहे. दुसरी गोष्ट माझ्याकडे कधी दिसलीच नव्हती, कारण माझ्या फोल्डरात दोनशे पानं होती आणि चाचणीला चार हजार घेतली. उघडताना खिडकी पांढरी पडली आणि वर "नॉट रिस्पॉन्डिंग". तेव्हा कळलं की पाच सेकंद खिडकीने निरोप उचलले नाहीत तर विंडोज तिला मेलेली समजतं. लघुचित्रं बनवायचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये नेलं. तो थ्रेड रांगेत निकाल टाकतो, आणि मुख्य खिडकी "आफ्टर" वापरून दर शंभर मिलिसेकंदांनी रांग तपासते. थ्रेडमधून थेट खिडकीला हात लावायचा नाही हे आधी एकदा लावून, प्रोग्रॅम गोठवून शिकले.

काल रात्री सेटअप फाईल पाठवली. अँटीव्हायरस गप्प बसला. निळी पाटी आली, ती तिने आता स्वतःच ओलांडली. दीड-दोन सेकंदांत खिडकी उघडली. तिने तासाभरात तीनशे पानांना नावं दिली आणि यादी एक्सेलमध्ये उघडून फोटो पाठवला, सगळं मराठी जागच्या जागी.

फोटोखाली निरोप होता: "चुकून एंटर दाबलं तर मागच्या पानावर जायचं बटण कुठे आहे?"

नाहीये. आज रात्री बसते.